तेनोच्तित्लानच्या देवळातलं राजकारण: पुजारी पुजाऱ्याला विष घालत होता का?

आडवा_टप्पा (शनिवार, रात्री ११:१०)

बारावीची परीक्षा संपल्या संपल्या माझ्या भाच्याने कादंबरी लिहायला घेतली आहे. जागा: अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजचं मेक्सिको शहर), तिथलं मोठं देऊळ. पात्रं: दोन महापुजारी, एक युद्धदेवाचा, एक पाऊसदेवाचा. पाऊसवाला युद्धवाल्याच्या कोकोच्या पेल्यात विष कालवतो आणि सगळं देऊळ आपल्या ताब्यात घेतो. "मामा, तू मेक्सिकोला जाऊन आलायस, तपासून दे" म्हणून पहिली तीन प्रकरणं माझ्या गळ्यात मारली आहेत.

मी गेलो होतो ऑफिसच्या कामाला, अकरा दिवस. त्यातला एक रविवार त्या अवशेषांवर घालवला, एवढीच माझी पुंजी. पण तिथून आल्यावर वाचत राहिलो, आणि आता माझी पंचाईत अशी झाली आहे की भाच्याचं नेपथ्य अगदी बरोबर आहे आणि भांडण साफ चुकीचं.

नेपथ्य आधी. देवळाच्या माथ्यावर खरंच दोन गाभारे होते, शेजारी शेजारी. एक वित्सिलोपोच्त्लीचा (युद्ध, सूर्य, मेशिका म्हणजेच अॅझ्टेक लोकांचा कुलदेव), दुसरा त्लालोकचा (पाऊस). वर जायला जिनेही दोन. हे देऊळ एकदा बांधून सोडलेलं नाही, जुन्यावर नवं असं कांद्याच्या पापुद्र्यांसारखं वाढवत नेलेलं आहे. स्पॅनिशांनी वरचे पापुद्रे पाडून त्याच दगडांनी आपलं शहर उभं केलं, म्हणून आज दिसतो तो आतला गाभा. १९७८ च्या फेब्रुवारीत कॅथेड्रलमागच्या रस्त्यात वीजखात्याचे कामगार खणत असताना सव्वातीन मीटर व्यासाची एक कोरीव शिळा लागली आणि पुढचं सगळं उत्खनन तिथून सुरू झालं. शिळेवर आहे कोयोल्शाउकी, वित्सिलोपोच्त्लीची बहीण. ती आईला मारायला निघाली, म्हणून भावाने तिचे तुकडे करून डोंगरावरून खाली ढकलली. शिळा होती त्याच्याच जिन्याच्या पायथ्याशी. भाऊबंदकी काढायची तर ती देवांपासूनच आहे.

आता पुजारी. साआगून नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने राज्य बुडाल्यावर म्हाताऱ्या जाणत्यांना बसवून त्यांच्याच नावात्ल भाषेत सगळं लिहून घेतलं. त्यात स्पष्ट आहे: सर्वांत वरच्या पायरीवर दोघं, दोघांनाही पदवी एकच, 'केत्साल्कोआत्ल'. एक वित्सिलोपोच्त्लीचा, दुसरा त्लालोकचा, आणि दोघांचा मान सारखा. निवड राजा आणि वरिष्ठ सरदार मिळून करायचे. कूळ बघायचे नाहीत, आईबाप कितीही दरिद्री असले तरी चालत, माणसाची राहणी बघायचे.

म्हणजे विष घालून भाच्याच्या पुजाऱ्याला मिळणार काय? मान आधीच सारखा. दुसऱ्याची जागा रिकामी झाली की ती भरणार राजा. खरी ओढाताण देऊळ आणि राजवाडा यांच्यात असावी असं मला वाटतंय. जाणकारांनी भर घालावी.

---

घारूअण्णा (शनिवार, रात्री ११:४८)

वित्सिलोपोच्त्ली म्हणताना कवळी निसटली. पुढच्या भागात पुजाऱ्यांची टोपणनावं द्या, बंड्या आणि गुंड्या चालतील.

बाकी मान सारखा असला की भांडण नसतं हे कोणी सांगितलं? आमच्या सोसायटीत दोन सहसचिव आहेत. मान सारखा. एकमेकांशी सात वर्षं बोलत नाहीत.

---

कातरवेळ (रविवार, सकाळी ७:३०)

छान विषय. एक दुरुस्ती म्हणा किंवा काडी म्हणा.

"कूळ बघायचे नाहीत" हे साआगूनच्या माणसांचं म्हणणं. जेझुइट पाद्री आकोस्ता अगदी उलट सांगतो: वित्सिलोपोच्त्लीचे पुजारी ठरावीक वाड्यांतल्या ठरावीक घराण्यांतून वंशपरंपरेने यायचे, इतर देवांचे मात्र निवडून किंवा लहानपणीच देवळाला वाहिलेले. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खालचे पुजारी घराण्यातून, सर्वांत वरची दोन पदं गुणांवर. पण मग घराण्यांच्या डोक्यावर बाहेरून आणून बसवलेला 'गुणवान' माणूस, ही धुसफुशीची जागा नाही का? भाच्याला सांगा, गोष्ट इथे आहे.

दुसरं म्हणजे त्या दोघांच्या खालचा माणूस बघा, मेशिकात्ल तेओवात्सिन. हा सगळ्या पुजाऱ्यांवरचा देखरेखदार आणि काल्मेकाक म्हणजे पुजारी-सरदारांच्या पाठशाळांचा बाप. कोणत्या देवळात काय चाललंय हे बघणं त्याचं काम. हाताखाली दोन मदतनीस. पुलकेच्या (घायपाताच्या रसाची दारू) पुजाऱ्यांचा वेगळा मुख्य, सणांची तयारी बघणारे वेगळे. साआगूनच्या यादीत देवळाच्या आवारात ७८ वास्तू आहेत. वरचे दोघं पूजनीय, ते गाभाऱ्यात. कोठार, पोरं आणि वेळापत्रक ज्याच्या हातात, चालतं त्याचं. ही माझी अटकळ हं, साआगून असं म्हणत नाही.

---

आळशी_मांजर (रविवार, सकाळी ९:०५)

वाचतेय. या पुजाऱ्यांचं रोजचं जगणं कसं होतं? एकमेकांवर पाळत वगैरे? सिनेमात नुसते सुरे घेऊन उभे असतात.

---

कातरवेळ (रविवार, सकाळी १०:२०)

@आळशी_मांजर, पाळत तर अशी की विचारू नका.

दिसायचे कसे ते आधी. अंगाला काजळी फासलेली, केस कधी न कापलेले आणि रक्ताने चिकटून जटा झालेल्या, कमरेला तंबाखूची कुपी, हातात कोपालची (आपल्या राळेसारखा धूप) पिशवी. घायपाताच्या काट्यांनी कान आणि नडग्या टोचून रक्त द्यायचं, मध्यरात्री उठायचं, थंड पाण्यात अंघोळ करायची. काल्मेकाकमधल्या पोरांनाही तेच. मेंदोसा पोथीत (स्पॅनिश आल्यावर काढलेली मेशिका चित्रपोथी) एका पानावर चुकलेल्या उमेदवाराला दोन वडीलधारे काटे टोचताना काढले आहेत, दुसरीकडे डोक्याला जळतं लाकूड.

आता एत्साल्कुआलिस्त्ली. हा वर्षातला सहावा महिना, त्लालोकचा सण. त्याआधी पुजारी चार दिवस उपास करायचे. या चार दिवसांत प्रत्येकाने पिठाचे गोळे देवापुढे मांडायचे, इतक्या हलक्या हाताने की गोळा गडगडता कामा नये. गडगडला की चूक. चालताना ठेच लागली, चूक. पांघरुणावर धागा, केस, पीस सापडलं, चूक. आणि हे बघणार कोण? शेजारचा. ज्याच्या नजरेस पडलं त्याने तिथल्या तिथे धरायचं. म्हणजे चार दिवस उपाशी माणसं एकमेकांच्या अंगावरची पिसं शोधत बसलेली.

शेवटी सगळ्या चुकार मंडळींना धरून तळ्यावर न्यायचे आणि पाण्यात बुडवायचे, तुडवायचे, चिखलात लोळवायचे, अर्धमेले होईपर्यंत. मग काठावर टाकून द्यायचे. घरचे येऊन उचलायचे आणि पोटातलं पाणी निघावं म्हणून पायांना धरून उलटे टांगायचे.

ज्याला कोणाचा काटा काढायचा असेल त्याला विषाची गरजच काय? एक पीस पुरे.

---

चिंचपेटी (रविवार, सकाळी ११:१५)

"एक पीस पुरे" 👌

आमच्या इथल्या एका मंडळात मोदक मोजायला माणूस ठेवला होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा. पाण्यात बुडवलं नाही कोणी, पण बुडवायला हवं होतं.

---

आडवा_टप्पा (रविवार, दुपारी १२:४०)

कातरवेळताई, गोळा गडगडण्याचं भाच्याला वाचून दाखवलं. तो पाच मिनिटं गप्प बसला, आणि ही पहिलीच वेळ.

त्याच सणातलं आणखी एक, माझ्या देऊळ-राजवाडा मुद्द्याला धरून. सणासाठी सित्लाल्तेपेकहून लव्हाळे आणायला पुजारी जायचे. परतीच्या वाटेवर जो कोणी भेटेल त्याला लुटायची त्यांना मुभा होती. नेसूचंसुद्धा काढून घेत. आणि साआगून मुद्दाम लिहितो की राजाकडे चाललेला करभार घेऊन कोणी निघाला असेल तर तोही हिसकावत, आणि त्याची शिक्षा कोणालाच होत नसे, कारण ते देवाचे सेवक. वर्षातून एकदा का होईना, भर रस्त्यात राजाचा माल लुटायचा परवाना! मोक्तेसुमा राजाला हे कसं गोड लागत असेल?

---

बोरू (रविवार, दुपारी ३:१०)

राजवाडा आणि देऊळ अशी सरळ रेघ मारू नका. ही माणसं दोन्हीकडची होती.

दुसरा मोक्तेसुमा (राज्य १५०२ ते १५२०) स्वतः पुजारी होता. निवड झाल्याचं सांगायला लोक गेले तेव्हा तो देवळात झाडलोट करत होता अशी कथा आहे. पण गादीवर बसल्या बसल्या त्याने काय केलं? चुलत्याने, म्हणजे आवित्सोत्लने नेमलेली, सामान्य घरांतून वर आलेली माणसं राजवाड्यातून काढून टाकली आणि काल्मेकाकमधून उच्च कुळांतली पोरं आणून बसवली. हे दुरान नावाचा स्पॅनिश पाद्री-बखरकार सांगतो, आणि तो तर असंही म्हणतो की काढलेल्यांना मारून टाकलं. म्हणजे पाठशाळेने राजवाडा घेतला की राजाने पाठशाळा घेतली? दोन्ही म्हणता येईल.

विषच हवं असेल तर ते तिसोकला घाला. १४८१ ते १४८६ एवढंच राज्य. लढाईत थंड, म्हणून त्याच्याच दरबाऱ्यांनी वैतागून विष देऊन मोकळा केला असं दुरान म्हणतो. दुसऱ्या एका हकिकतीत विष नाही, शेजारच्या राजांनी करणी केली आहे. देवळाचा मोठा विस्तार त्याने सुरू केला होता. तो १४८७ मध्ये पुरा करून वाजतगाजत मिरवला त्याच्या भावाने, आवित्सोत्लने. पाया घालणारा एक, कळस चढवणारा दुसरा.

आणि त्लाकाएलेलचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. पद 'सिवाकोआत्ल'. शब्दशः नागस्त्री, एका देवीचंच नाव, पण पद पुरुषाचं आणि राजाच्या खालोखाल. दुरानच्या म्हणण्याप्रमाणे हा माणूस एकामागून एक राजे गादीवर बसवत राहिला, स्वतःला गादी देऊ केली तर घेतली नाही, कारण सत्ता आधीच त्याच्याकडे होती. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण सावध. त्याची थोरवी गाणाऱ्या बखरी बहुधा एकाच हरवलेल्या मूळ बखरीवरून उतरल्या आहेत. अभ्यासक रॉबर्ट बार्लो यांनी १९४५ मध्ये तिला 'क्रोनिका एक्स' असं नाव दिलं. त्या गटाबाहेर त्लाकाएलेल एकदम बारीक होतो. घराण्यातल्या कोणीतरी आजोबांना मोठं केलं असावं. सरदार घराण्यांच्या कैफियती वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही.

---

गावगुंडी (रविवार, दुपारी ४:०२)

माणसं कापणाऱ्या रानटी लोकांबद्दल इतकं कौतुकाने लिहायची काय गरज? एका उद्घाटनाला ऐंशी हजार बळी दिले होते. गूगल करा.

---

बोरू (रविवार, दुपारी ४:३०)

ऐंशी हजार चारशे म्हणा, दुरान चारशेसुद्धा सोडत नाही. १४८७ चंच उद्घाटन. तेयेरियानो-रेमेन्सिस पोथीत हाच आकडा २०,००० आहे. इतके लोक मारायचे तर सुरे, जिने आणि दिवसाचे तास कुठून आणायचे हा हिशेब करून अभ्यासकांनी दोन्ही आकडे बाजूला ठेवले आहेत.

नाकारत मात्र कोणी नाही. देवळाजवळ कवट्यांचा मनोरा २०१५ मध्ये सापडला, २०२० पर्यंत त्यात ६०३ कवट्या मोजल्या होत्या, बायका आणि मुलांच्यासुद्धा. भयंकर आहेच. आकडा फुगवण्यात मेशिका राजांचाही फायदा होता, शेजारी घाबरावेत म्हणून, आणि नंतर पाद्र्यांचाही. कौतुक कोणी केलेलं मला तरी दिसलं नाही.

---

आळशी_मांजर (रविवार, संध्याकाळी ६:१८)

गुंडीभाऊंना सोडा, धागा भरकटेल. मला पोथ्यांबद्दल विचारायचं होतं. यांच्याकडे लिखाण होतं ना? मग पुजाऱ्यांच्या स्वतःच्या नोंदी कुठे गेल्या? सगळं पाद्र्यांच्याच तोंडून का?

---

कातरवेळ (रविवार, रात्री ८:५५)

बरंचसं स्पॅनिशांनी जाळलं. पण पहिली होळी त्यांची नाही!

इत्सकोआत्ल राजा (१४२७ ते १४४०). मेशिका तोवर दुसऱ्याचे मांडलिक, याच्या काळात ते स्वतंत्र होऊन मालक झाले. साआगूनच्या दहाव्या भागात म्हातारे सांगतात की इतिहास पोथ्यांत होता, पण इत्सकोआत्लच्या राज्यात तो जाळला गेला. सरदारांनी बसून ठरवलं की हे सगळं सामान्य माणसाला कळायची गरज नाही, त्यात खोटं फार आहे, राज्यकारभाराची अब्रू जाईल.

चित्रलिपीच्या पोथ्या म्हणजे नुसतं वाचायचं प्रकरण नाही. लाल-काळ्या शाईची चित्रं, आणि त्यावर तोंडपाठ निरूपण करणारा जाणता. पोथी गेली की तो जाणता एका दिवसात कफल्लक. नव्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यात कालचा भटका कुलदेव वित्सिलोपोच्त्ली त्लालोकच्या मांडीला मांडी लावून बसला. त्लालोक त्या खोऱ्यात कितीतरी जुना आहे. त्याच्या जुन्या पुजाऱ्यांना हा शेजार कसा वाटला असेल हे लिहून ठेवणारा कोणी उरलाच नाही. भाच्याच्या पाऊसवाल्याला राग हवा असेल तर तो हा.

---

आडवा_टप्पा (रविवार, रात्री १०:०७)

हे जबरदस्त आहे. भाचा आता विष रद्द करून पोथी जाळायच्या विचारात आहे.

पंचांगाचं माझ्याकडून घ्या. यांच्याकडे २६० दिवसांचं पूजेचं चक्र आणि ३६५ दिवसांचं वर्ष (वीस दिवसांचे अठरा महिने आणि पाच अशुभ दिवस) अशी दोन चाकं. दोन्ही पुन्हा जुळायला ५२ वर्षं. त्या रात्री खोऱ्यातले सगळे विस्तव विझवायचे, विशाच्तेकात्ल डोंगरावर बळीच्या छातीवर लाकूड घुसळून नवा अग्नी काढायचा. निघाला नाही तर जग संपलं. घुसळणारा कोण? कोपोल्को वाडीचा पुजारी, सराव करून तयार झालेला. महापुजारी नव्हे, राजाही नव्हे. एका वाडीचा माणूस, आणि त्या रात्री सगळ्यांचे डोळे त्याच्या दोन तळव्यांवर.

हे चक्र संपायचं वर्ष 'एक ससा', म्हणजे १५०६. पण सशाच्या वर्षी दुष्काळ पडतो असा अनुभव, म्हणून मोक्तेसुमाने सोहळा पुढच्या 'दोन वेत' वर्षात, १५०७ मध्ये ढकलला. शास्त्र पुजाऱ्यांचं, तारीख राजाची. हा शेवटचा नवा अग्नी ठरला.

---

घारूअण्णा (सोमवार, सकाळी ६:४०)

आमच्याकडे दोन पंचांगांत दिवाळी दोन दिवशी आली तर घरात दोन तट पडतात, त्यात हा माणूस वर्षच ढकलतो! खरा राजा.

अवांतर: परवा एकादशीला राजगिऱ्याचा लाडू खाताना नातीने मोबाइलवरून वाचून दाखवलं की हा राजगिरा मूळचा मेक्सिकोचा. खरं का?

---

कातरवेळ (सोमवार, सकाळी ८:१२)

अण्णा, खरं आहे, आणि या धाग्यात अगदी चपखल. राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या पाकात मळून वित्सिलोपोच्त्लीची मूर्ती करायचे. सणाच्या शेवटी तिला मारायचे आणि तुकडे वाटून खायचे. पाद्र्यांना ते आपल्या प्रसादविधीची नक्कल वाटून घाम फुटला. तुमचा लाडू मेक्सिकोच्या रस्त्यावर आजही मिळतो, 'आलेग्रिया' म्हणजे आनंद या नावाने, फक्त वडी असते. दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच, तिकडच्या देवांना वाहिला जाणारा.

---

बोरू (सोमवार, दुपारी १:२५)

मोक्तेसुमाकडे परत. शेवटच्या वर्षांत अपशकुनांच्या बातम्या यायला लागल्या. शेजारच्या मित्रराज्याचा, तेश्कोकोचा राजा नेसावाल्पिली याने भाकीत केलं की परके येऊन राज्य घेणार. दोघांत पैज लागली, चेंडूच्या खेळावर. नेसावाल्पिलीने आपलं राज्य लावलं, मोक्तेसुमाने तीन टर्की कोंबडे. पहिले दोन डाव मोक्तेसुमाने जिंकले, पुढचे तिन्ही हरला.

मग त्याने फर्मान काढलं की ज्याला कोणाला स्वप्न पडेल त्याने येऊन सांगावं. म्हातारे-म्हाताऱ्या आल्या. एकाने सांगितलं, वित्सिलोपोच्त्लीचं देऊळ जळताना दिसलं. राजाने त्यांना कोठडीत टाकलं आणि उपाशी मारलं. दुरान लिहितो की त्यानंतर राजाला स्वप्न सांगायला कोणी आलं नाही.

आता तुम्ही पुजारी आहात अशी कल्पना करा. भविष्य वाचणं हाच तुमचा धंदा, आणि खरं वाचलं तर कोठडी. तुमचं राजकारण एवढंच उरतं की आज रात्री आकाशात काहीही दिसलं नाही.

---

आडवा_टप्पा (सोमवार, रात्री ९:५०)

भाच्याने तिन्ही प्रकरणं फाडली. नवी कादंबरी एका पिसापासून सुरू होते, एवढंच सांगितलंय. पोथी, विष, कोको, सगळं बाद. शेवट मात्र सुचत नाही म्हणतो, "राज्य बुडालं की देवळाची गोष्टच संपली ना?"

---

कातरवेळ (सोमवार, रात्री ११:३३)

नाही संपली. त्याला १५३९ सालचा खटला वाचायला सांगा.

राज्य बुडून अठरा वर्षं झाली होती. बिशप सुमारागा न्यायासनावर, आरोपी मिगेल नावाचा मेक्सिको शहरातला बाप्तिस्मा झालेला माणूस. आरोप असा की मोठ्या देवळातल्या मूर्ती, गाठोड्यांत बांधलेल्या, त्याच्या घरी आणल्या गेल्या होत्या, त्यात वित्सिलोपोच्त्लीही होता, आणि त्या पुढे कुठे गेल्या हे त्याला माहीत आहे. साक्षीदार आपलेच, कोण कोणाकडे गाठोडं घेऊन गेलं ते नावानिशी सांगणारे. शेजाऱ्याच्या अंगावरचं पीस शोधायची सवय गेली नव्हती. मिगेलचा छळ झाला.

त्याने पत्ता सांगितला नाही. ती गाठोडी अजून सापडलेली नाहीत.